पाणी ‘पुरे’ म्हणते तेव्हा

वर्षभर या सदराला दीड पान मिळते. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात जरा सैल सुटतो, म्हणून एक विषय मी मुद्दाम राखून ठेवला होता. विषय आहे मीठ. नाक मुरडू नका, वाचकहो! फराळाच्या ताटात गोडाधोडाची गर्दी असली तरी डाव्या बाजूला मिठाचा मान असतोच, आणि ही गोष्ट अळणी लागणार नाही एवढी हमी मी देते.

आधी एक लहानसा प्रयोग. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडूनच करवून घ्या. तेवढा वेळ ते फटाक्यांपासून दूर राहील. पेल्यात मोजून १०० ग्रॅम पाणी घ्यायचे आणि चमच्याचमच्याने मीठ घालून ढवळत राहायचे. पहिला चमचा बघता बघता नाहीसा होतो. दुसरा जातो, तिसराही जातो. चौथ्या-पाचव्याला ढवळणाऱ्याचा हात भरून येतो. सुमारे ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण सहा सपाट चमचे, पोटात गेले की पाणी हात जोडते. पुढचा चमचा तळाशी बसतो तो बसतोच. मग दुपारपर्यंत ढवळा! पंगतीत तृप्त झालेला पाहुणा पानावर आडवा हात धरतो ना, अगदी तसेच. अशा तृप्त पाण्याला रसायनशास्त्रात ‘संपृक्त द्रावण’ म्हणतात आणि ठराविक तापमानाला ठराविक पाण्यात जास्तीत जास्त जेवढा पदार्थ मावतो, त्या मापाला त्या पदार्थाची ‘विद्राव्यता’. शब्द जड आहेत, पण अर्थ पंगतीतलाच आहे.

तळाशी बसलेल्या मिठाचा आणि वरच्या पाण्याचा संबंध आता संपला, असे मात्र समजू नका. वरवर सगळे शांत दिसते, पण आत सारखी ये-जा चालू असते. सकाळी नऊची गाडी दादरला थांबते तेव्हा जितकी माणसे उतरतात तितकीच चढतात आणि डबा होता तसाच खच्चून भरलेला राहतो. मिठाचे तसेच आहे. तळच्या खड्यावरून सोडियम आणि क्लोरीनचे सूक्ष्म कण सुटून पाण्यात शिरतात आणि तितकेच पाण्यातले कण परत येऊन खड्यावर बसतात. याला पुरावा काय? एखाद्या स्फटिकाचा कोपरा तोडून तो संपृक्त द्रावणात टांगून ठेवला तर त्याचे वजन वाढत नाही, पण तुटलेला कोपरा हळूहळू भरून येऊ लागतो. एकीकडचे कण गेले, दुसरीकडे येऊन बसले. हिशेब मात्र शून्याचा शून्य.

आता ज्या प्रसंगाने हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला, तो सांगते. माझी भाची आठवीत आहे. तिला शाळेतून ‘मिठाचे स्फटिक तयार करा’ असे काम मिळाले. कृती छापलेलीच होती : पाणी तापवा, त्यात मावेल तितके मीठ विरघळवा, दोऱ्याला मिठाचा खडा बांधून आत सोडा आणि रात्रभर थंड होऊ द्या. पोरीने सगळे पोथीत सांगितल्याप्रमाणे केले. सकाळी पाहते तो खडा होता तेवढाच! तळाशी थोडी बारीक रेव तेवढी साचलेली. तिच्या मैत्रिणीने हीच कृती तुरटी घेऊन केली होती, तर तिच्या दोऱ्याला वाटाण्याएवढा लखलखीत खडा लटकत होता. शाळेत मैत्रिणीची पाठ थोपटली गेली आणि हिच्या वहीवर शेरा आला, ‘कृती काळजीपूर्वक केलेली नाही.’

संध्याकाळी ती तोंड एवढेसे करून माझ्याकडे आली. म्हणाली, “मावशी, तू जन्मभर केमिस्ट्री शिकवलीस ना? मग सांग, माझे काय चुकले?”

“तुझे काही चुकलेले नाही,” मी म्हटले, “मिठाचा स्वभावच तसा आहे. चल, वही काढ.”

वहीत आम्ही जे आकडे मांडले ते असे. १०० ग्रॅम पाणी बर्फाइतके गार असले, म्हणजे शून्य अंशावर, तर त्यात सुमारे ३५.७ ग्रॅम मीठ मावते. तेच पाणी उकळायला लागले, १०० अंशांवर गेले, की मावते ३९ ग्रॅम. एवढी आच लावून, एवढा गॅस जाळून पदरात काय पडले? तीन-सव्वातीन ग्रॅम! भाचीने मोठा पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी घेतले होते. ८० अंशांवर त्यात ७६ ग्रॅम मीठ मावले असेल. रात्री ते ३० अंशांपर्यंत उतरले तेव्हाही ७२ ग्रॅम आरामात आत राहू शकत होते. म्हणजे बाहेर यायचे होते ते अवघे चार ग्रॅम, तेही सगळे दोऱ्यावर थोडेच बसणार? तुरटीचे गणितच निराळे. २० अंशांला जेवढी तुरटी पाण्यात मावते, तिच्या चौपटीहून जास्त ६० अंशांला मावते. पाणी निवू लागले की ही सारी जादा तुरटी बाहेर पडायला जागा शोधते, आणि दोरा समोर असतोच.

‘तापवल्याने क्षार जास्त विरघळतात’ हे वाक्य मुले पाठ करतात. ते खोटे नाही. पण ते सगळ्या क्षारांना सारखेच लागू पडते अशी समजूत होऊन बसते, आणि ज्या पदार्थाचे उदाहरण आपण हमखास घेतो, त्या मिठालाच ते फार कमी लागू पडते. यात पोरीचा काय दोष?

असे का होते, त्याचेही उत्तर बोटाला कळण्यासारखे आहे. काही क्षार पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतात. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात घाला. पेला हाताला चांगलाच गार लागेल. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाचे पिण्याचे पाणी सोऱ्याने गार करण्याची रीत नोंदलेली आहे, ती याच गुणावर. (सोरा पाण्यात मिसळत नसत हो! सोऱ्याच्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई ठेवून फिरवत.) ज्याला विरघळायला उष्णता लागते, त्याला बाहेरून उष्णता पुरवली की तो आनंदाने जास्त विरघळणारच. मिठाला मात्र विरघळताना फारशी उष्णता लागत नाही. मग तुम्ही ती देऊ केलीत काय अन् न केलीत काय, त्याला सुखदुःख समान!

तर मग मिठाचे स्फटिक व्हावेत कसे? पाणी निववून नाही, आटवून. मी भाचीला पसरट बशीत संपृक्त मिठाचे पाणी घालायला लावले, वर पातळ फडके टाकले आणि माळ्याजवळच्या कपाटावर ठेवून ‘पंधरा दिवस विसरून जा’ म्हटले. पाणी हळूहळू उडून गेले. बशीत सोंगट्यांच्या फाशांसारखे चौकोनी, सहाही बाजू सपाट असे स्फटिक उमटले. मिठाचा स्फटिक घनाकृतीच असतो, भिंगातून पाहिलेत तर बरणीतला बारीक कणदेखील. ती बशी तिने शाळेत नेली. शेरा बदलला की नाही, ते कृपा करून विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, मिठाच्या या अडेलपणाचे एवढे कौतुक कशाला? कौतुक यासाठी की, एक क्षार उष्णतेला भुलतो आणि दुसरा भुलत नाही, एवढ्याशा फरकावर जगात मोठमोठी राजकारणे झाली. दिवाळी आहे, तेव्हा फटाक्याच्या दारूपासूनच सुरुवात करू. जुन्या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा आणि गंधक मिळवणे त्या मानाने सोपे. अडायचे ते सोऱ्याशी. तो भरपूर मिळे आपल्या बिहारात. जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या आसपासची माती पावसाळा सरला की उन्हात पांढरी पडते. ती माती खरवडून, पाण्याने झिरपवून, त्या पाण्यातून सोरा काढणारी नोनिया नावाची जातच तिकडे होती. पण त्या पाण्यात सोऱ्याबरोबर मीठही उतरे, आणि मीठमिश्रित सोऱ्याची दारू दमट होऊन फुसकी ठरते. मग दोघांना वेगळे करायचे कसे? दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे!

तिथे विद्राव्यता कामाला येते. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशावर सोरा मावतो फक्त १३ ग्रॅम, २० अंशांवर ३२ ग्रॅम, ६० अंशांवर ११० ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ २४५ ग्रॅम. नोनिया कारागिराने हे आकडे कधी पाहिले नव्हते. पण मातीचे पाणी कढईत उकळू लागले आणि आटत चालले की आधी तळाशी मीठ बसते, हे तो जाणत होता. मिठाची मर्यादा उकळूनही वाढत नाही, पाणी मात्र कमी होत जाते. मग मिठाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. सोऱ्याला त्या कढत पाण्यात हवी तेवढी जागा असते. मीठ खाली राहू देऊन वरचे कढत पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि निवू द्यायचे. आता पाळी सोऱ्याची. लांब, सुईसारख्या स्फटिकांनी भांडे भरून जाते, आणि उरलेसुरले मीठ पाण्यातच राहते. एकाला आटवून काढले, दुसऱ्याला निववून. असा शोधलेला सोरा पाटण्याहून नावांनी बंगालच्या बंदरात जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना परतीच्या प्रवासात तळाशी वजन हवेच असे. ते सोऱ्याच्या रूपाने मिळे, आणि युरोपात उतरला की नफाही मिळे. १७५७ मध्ये प्लासीची लढाई जिंकल्यावर कंपनीने बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी आपल्या हाती घेतली. पुढे युरोपातल्या रणांगणांवर इंग्रजांच्या तोफांना हा सोरा कमी पडला नाही.

असो. तोफा राहू द्या, समुद्राकडे वळू. मिठाला आच नको, आटणे हवे, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते आपल्या शेजारीच राहतात. ठाणे, रायगड, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या आगरी समाजाचे नावच मुळी मिठाच्या आगरावरून पडले असे सांगतात. पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्याकडे जाताना भांडुप-मुलुंडच्या बाजूला बांध घातलेल्या चौकोनी जमिनी दिसतात, ती ही आगरे. मुंबईतली बरीचशी आता ओस पडली आहेत आणि त्या जागांचे पुढे काय करायचे याचे वाद कचेऱ्यांतून चालू आहेत. पण मीठ पिकवण्याची रीत ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना माझे म्हणणे चटकन पटेल.

समुद्राचे पाणी खारट म्हणतो खरे आपण, पण ते किती खारट? लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम. मघाशी पाहिले की पाण्याची ताकद लिटरमागे ३६० ग्रॅम मीठ पेलण्याची आहे. म्हणजे एवढा थोरला समुद्र आपल्या ऐपतीच्या एक-दशांशच भरलेला आहे! म्हणून भरतीचे पाणी आगरात घेतले की लगेच मीठ पडत नाही. ते एका खणातून दुसऱ्या खणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवीत ऊन-वाऱ्यावर आटवत न्यावे लागते. आणि गंमत अशी की, या वाटेवर समुद्रातले क्षार रांगेने, आपापला क्रम न सोडता उतरतात. १८४९ मध्ये उझिग्लिओ नावाच्या रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवत आटवत हा क्रम नोंदून ठेवला. पहिल्याने उतरतो चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेट. पाणी साधारण पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम उतरत असते. दहाव्या हिश्शावर आले की मग खरे मीठ पडू लागते. आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार? ते भारी विरघळखोर. ते शेवटपर्यंत पाण्यात बसून राहतात.

मिठागरातले सगळे कौशल्य या रांगेत आहे. जिप्सम आधीच्या खणांत सोडून द्यायचे, मीठ पडायला लागण्याच्या बेतात पाणी शेवटच्या वाफ्यात घ्यायचे, आणि मीठ पडून झाले पण कडू क्षार अजून खाली बसायला लागलेले नाहीत, अशा नेमक्या वेळी उरलेले पाणी सोडून द्यायचे. मोठ्या मिठागरांत ही वेळ पाण्यात काचेची तरंगती नळी सोडून ठरवतात. पाणी जितके दाट तितकी नळी वर उचलली जाते. तिच्यावरचे अंश बोमे या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाचे. १७६८ मध्ये त्याने ते आखले तेदेखील मिठाचेच पाणी घेऊन. पंचविसाच्या आसपास मीठ पडू लागते आणि तिसाच्या सुमारास पाणी सोडून देतात. ज्यांच्याकडे नळी नव्हती, ते आगरी पाण्याचा रंग, त्यावर धरणारी साय आणि जिभेवरची चव यांवरून तेच ओळखीत.

हे कळले म्हणजे १९३० सालच्या एका गोष्टीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. त्या वर्षी ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि पाठोपाठ मुंबईत चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय, अवंतिकाबाई गोखले यांनी चुलीवर समुद्राचे पाणी आटवून मीठ केले. मे महिन्यात शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धाव घेतली, लाठ्या खाल्ल्या. आता चुलीवरचा हिशेब करा. दहा लिटर समुद्राचे पाणी घेतले तर पहिला कण दिसण्याआधी सुमारे नऊ लिटर पाण्याची वाफ करावी लागते! केवढे सरपण जळाले असेल आणि एप्रिलच्या उन्हात चुलीपुढे त्या बायका किती वेळ बसल्या असतील! आणि एवढे करून पाणी पार कोरडे होईतो आटवले, तर हाती येते साडेतीनशे ग्रॅम; पण त्यात निव्वळ मीठ पावणेतीनशेच्या आसपास. बाकी सारे मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम आणि इतर सटरफटर. असे मीठ जिभेला कडवट लागते आणि ठेवले की ओलसर होते. त्या चिमूटचिमूट मिठाचे लिलाव झाले, लोकांनी ते देव्हाऱ्यात ठेवले. ते चवीसाठी घेतलेच नव्हते, हे खरे. पण शिरोड्याच्या आगरावरचे शुभ्र मीठ आणि चौपाटीवरचे कढईतले मीठ यांत काय फरक होता, तो सांगायला इतिहासाच्या पुस्तकाला जागा नसते, म्हणून मी सांगितला.

मिठागरवाल्याचा खरा शत्रू मात्र सरकारी कर नव्हे, अवकाळी पाऊस. शहरात एखादे दिवशी अवेळी सर आली तर आपण वाळत घातलेले कपडे आत ओढतो आणि चहात आले टाकतो. त्याच वेळी आगरावर काय होते, ते आपल्या पेल्यावरून काढता येईल. २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाऊस पडला तर एक चौरस मीटर वाफ्यावर २५ लिटर कोरे पाणी येऊन पडते. कोरे, म्हणजे उपाशी! लिटरला ३६० ग्रॅम या हिशेबाने ते नऊ किलो मीठ गिळू शकते. तेही एका चौरस मीटरवर. वाफा मोठा असेल, तर गुणाकार तुम्हीच करा. महिना-दीड महिना राबून जे पाण्यातून वेगळे काढले, ते एका दुपारी परत पाण्यात जाते, आणि पुन्हा आटवायला उन्हाळ्याचे दिवस उरलेले नसतात. मीठ इतके स्वस्त असते की आपण भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीसदेखील त्याच्यावर करीत नाही. पण ते पिकवणाऱ्याचे पीक असे उघड्यावर असते.

आता बायकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. जाडे मीठ मातकट आले तर ते धुता येते का? ‘धुतले तर सगळे वाहूनच जाईल!’ असे कोणीही म्हणेल. साध्या पाण्याने जाईलच. पण ज्याचे पोट आधीच मिठाने भरलेले आहे, अशा पाण्याने धुतले तर? ते पाणी मिठाला हात लावू शकत नाही. कडू क्षाराला मात्र त्याच्यात भरपूर जागा असते. मीठ शुद्ध करण्याच्या कारखान्यांत मिठाच्या संपृक्त पाण्यानेच मीठ धुतात, ते यासाठी. घरी करायचे असेल तर थोडे मीठ पाण्यात मावेल तेवढे विरघळवून, गाळून, त्या पाण्याने उरलेले जाडे मीठ चाळणीवर दोन वेळा खंगाळावे, निथळू द्यावे आणि फडक्यावर पसरून कडक उन्हात वाळवावे. लोणच्यापापडाला असे मीठ फार छान. पिशवीतल्या आयोडीनयुक्त मिठाला मात्र हा सोपस्कार करू नका. घातलेले आयोडीन धुऊन जाईल.

याच कडू क्षाराशी पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीचे नाते आहे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी इतक्या हावरेपणाने ओढते की आर्द्रता तेहतीस-चौतीस टक्क्यांवर असली तरी ते पाझरू लागते. म्हणजे मुंबईत बाराही महिने. म्हणून आजीच्या काळचे खडे मीठ सदा ओले असे आणि त्याला चिनी मातीची बरणीच लागे. शुद्ध मिठाची हद्द बरीच वर आहे : ७५ टक्के. हवेतली आर्द्रता त्याखाली असेल तर मीठ ठणठणीत कोरडे. त्यावर गेली की मिठाचा कण हवेतले पाणी ओढून आपल्याभोवती आपलेच संपृक्त द्रावण तयार करतो. जुलैत मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा कितीही महागाचे मीठ आणा, उघडे राहिले की त्याला पाणी सुटणारच. आणि सोरा? त्याची हद्द ९३ टक्क्यांच्या आसपास. दमट किनाऱ्यांवर काळी दारू कोरडी ठेवायला तोच उपयोगी पडला, त्याचे एक कारण हे.

पावसाळ्यात मिठाच्या डबीत आपण तांदळाचे दाणे घालतो. तांदूळ थोडे पाणी शोषतात, नाही असे नाही. पण माझ्या मते त्यांचे मुख्य काम डबी हलवली की गुठळ्या फोडण्याचे. खरा उपाय घट्ट झाकणाचा, आणि ती डबी चुलीजवळच्या फळीवर ठेवण्याचा, म्हणजे भोवतालची हवा जरा उबदार आणि कोरडी राहते. आणि घरात आर्द्रता मोजण्याचे तबकडीचे यंत्र असेल, तर तेच तपासायला मीठ वापरून पाहा. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करा. पार विरघळू मात्र देऊ नका. ते टोपण आणि यंत्र एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. बरणीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबलेली असते. काटा ७० दाखवीत असेल तर यंत्र पाच अंश मागे आहे, असे खुशाल समजा.